काळीची कुळकथा

दिवाळी आली की आमच्या शाळेतली पोरे किल्ल्यासाठी माती उकरू लागतात. त्यांतल्या कुणालाही विचारावे, "ही माती आली कुठून?" "जमिनीतून," हे उत्तर तयारच! पण पोरांचे कशाला घ्या? आपल्या देशावरच्या काळ्या मातीचे कूळ कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात भल्याभल्या भूशास्त्रज्ञांत वाद माजला होता.

इंग्रजांनी तिला 'रेगूर' म्हटले. शब्द तेलुगूतल्या 'रेगड'वरून घेतलेला. कुणी म्हणे, हा पाण्याखाली बसलेला जुना गाळ. कुणी म्हणे, ही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचीच लेक. दुसरे म्हणणे मनाला पटे. पण दक्षिणेत, जिथे हा पाषाण नाही तिथेही काळी सापडे, आणि कोकणात पाषाण तोच असून माती मात्र तांबडी! तिथला जांभा असाच तांबडा. हा दगड मलबारात विटांसारखा कापताना फ्रान्सिस बुकॅननने पाहिला आणि 1807 साली छापलेल्या ग्रंथात, विटेच्या लॅटिन नावावरून, त्याला 'लॅटेराइट' म्हटले.

कोडे सुटण्याची वाट रशियातून आली. तिकडच्या काळ्या मातीवर वासिली दोकुचायेवने 1883 साली ग्रंथ लिहिला. माती म्हणजे दगडाचा नुसता चुरा नव्हे. खडक, हवापाणी, जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि काळ अशा पाचांचे ती अपत्य, हे त्याचे सांगणे. मग आपला उलगडा सोपा होतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून हा पाषाण झाला. घाटाखाली धो धो पाऊस. तो चुना धुऊन नेतो, गंजलेले लोखंड मागे राहते. घाटामागे पाऊस बेताचा. खोलगटात चुना टिकतो आणि पाण्याने फुगणारी, उन्हाने आक्रसणारी चिकण तयार होते. उन्हाळ्यात भेगांत वरची ढेकळे पडतात. काळी आपली आपणच नांगरली जाते म्हणा ना! रंगावरून ती खतावलेली वाटते, पण कुजका अंश तिच्यात बहुधा शेकडा एकाच्या आसपासच असतो.

आणि निम्मी माती तर पोकळीच असते! त्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही जोगती नांदतात, त्यालाच आपला शेतकरी वाफसा म्हणतो. पुस्तके न वाचता त्याने हा शब्द घडवला, याचे मला फार कौतुक वाटते.

खडकाचा मुरूम आणि मुरुमाची वीतभर माती व्हायला हजारो वर्षे लागतात. उतारावरची तीच माती काही पावसाळ्यांत ओढ्याला लागते. मग माळावर पुन्हा मुरूमच उघडा. म्हणून 1972 च्या दुष्काळात कामावर आलेल्या बायाबापड्यांनी नुसती खडी फोडली नाही, बांधबंदिस्तीही केली. जिथे बांध राखले गेले, तिथे त्यांच्या वरच्या अंगाला गाळ धरतो, आणि त्या पट्ट्यात ज्वारीचे ताट शेजारच्यापेक्षा उंच दिसते.