घरालगतची जमीन व करसूट (सोलापूर)

घरालगतची जमीन व करसूट : राहते घर विकले असता त्याच्या आवारातील मोकळ्या जमिनीसही भांडवली नफ्यावरील करातून मिळणारी सवलत. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५४ प्रमाणे ती व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास मिळते. चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून झालेला नफा विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या घराच्या खरेदीत, अथवा तीन वर्षांत त्याच्या बांधकामात घातल्यास तेवढ्या नफ्यावर कर पडत नाही. २०२३ साली या सवलतीवर दहा कोटी रुपयांची मर्यादा आली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही ही सवलत त्या मर्यादेसह कायम ठेवली आहे.

कलमात इमारतीबरोबर तिला संलग्न असलेल्या जमिनीचा उल्लेख आहे. परंतु किती जमीन संलग्न मानावी याचे माप दिलेले नाही. ब्रिटनमध्ये घराच्या जागेसह अर्धा हेक्टर ही साधारण मर्यादा असून कॅनडातही तेवढीच आहे, आणि त्याहून अधिक जमीन घराच्या उपभोगास आवश्यक असल्याचे करदात्यास सिद्ध करावे लागते. आपल्याकडे क्षेत्रफळापेक्षा उपयोगास प्राधान्य आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या १९८५ साली विधिवृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या निर्णयात याच्या कसोट्या सापडतात : घर व जमीन यांचा उपभोग एकसंध घेतला जातो काय, घराच्या सुखसोयीस बाध न येता जमिनीचा काही भाग वेगळा काढता येईल काय, आणि तिच्यापासून शेती वा भाड्याच्या रूपाने स्वतंत्र उत्पन्न येते काय. अवर्षणप्रवण सोलापुरात, जेथे परसातील विहीर, गोठा आणि कडुनिंबाची सावली ही घराच्या भिंतींइतकीच निवासाची अंगे होती, तेथे हीच दृष्टी न्याय्य होय.

मोकळ्या जागेचे प्रमाण मोजण्याचा प्रयत्न संपत्तिकराने मात्र केला होता. संपत्तिकर अधिनियम, १९५७ च्या तिसऱ्या अनुसूचीत घराचे मूल्य ठरविताना मुंबईसारख्या महानगरांत मिळकतीच्या एकूण क्षेत्राच्या ६० टक्के, तर पुणे, नागपूर यांच्याबरोबर नामनिर्देश केलेल्या सोलापुरात ६५ टक्के जागा मोकळी असणे साधारण मानले जाई. त्याहून अधिक जागा असल्यास मूल्यात टप्प्याटप्प्याने वाढ होई, आणि अतिरेक फार झाल्यास ती मूल्यांकनपद्धतीच बाजूस सारली जाई. हा कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाला.

सोलापुरातील खरी गुंतागुंत १९९२ च्या हद्दवाढीने वाढली. भोवतालची गावे महानगरपालिकेत आली, आणि वस्तीच्या घराभोवतीची शेतजमीन, नांगर तोच राहिला तरी, करकायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरली. हद्दीबाहेरही सरळ हवाई अंतराने ठरावीक किलोमीटरपर्यंत हा नियम लागू आहे. एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरास हे अंतर सहा किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. अशी जमीन कसली जात असेल तर ती घरास संलग्न म्हणून दाखविण्याऐवजी कलम ५४ ब प्रमाणे दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन सवलत मागणे अधिक सुरक्षित.

शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तेथे एकाच आवारात राहते घर व यंत्रमागाचा कारखाना असणे नवलाचे नाही. परंतु मालक स्वतःच्या धंद्यासाठी वापरीत असलेल्या इमारतीचे उत्पन्न घरमिळकतीच्या सदरात येत नाही, म्हणून माग बसविलेली शेड व तिच्याभोवतीची जागा कलम ५४ च्या बाहेर राहते. ज्या कुटुंबाने चादरी विणीत त्याच आवारात पिढ्या काढल्या, त्यास ही विभागणी कठोर वाटावी हे स्वाभाविक आहे. तथापि कायदा तसाच आहे. विक्रीपूर्वी मिळकत पत्रिका, सातबारा उतारा, बिनशेतीचा आदेश व महानगरपालिकेची आकारणी या दस्तऐवजांत वापराच्या नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहणे अगत्याचे आहे, कारण वादाच्या वेळी शेजाऱ्याच्या साक्षीपेक्षा दफ्तरातील नोंदीस अधिक वजन मिळते.

संलग्न न ठरलेल्या अकृषिक मोकळ्या भूखंडासाठी कलम ५४ फ चा मार्ग उरतो. तेथे केवळ नफा नव्हे, तर विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम नव्या घरात गुंतवावी लागते. कमी गुंतविल्यास सूट त्याच प्रमाणात घटते.