वाघ उचलता येतो, जंगल नाही

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला. शिरूर अनंतपाळहून बघितलं तर शेजारच्याच जिल्ह्यात. यवतमाळच्या टिपेश्वरमधून तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. वनखात्यानं त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरवलं. पथकं फिरली, पण महिनोन्महिने वाघ काही हाती लागला नाही.

प्राणी उचलून दुसरीकडे नेण्याची कल्पना जुनी आहे. १९५७ साली गीरमधले तीन सिंह, एक नर आणि दोन माद्या, उत्तर प्रदेशातल्या चंद्रप्रभा अभयारण्यात सोडले. १९६५ पर्यंत ते अकरा झाले आणि मग सगळेच नाहीसे झाले. सिंह नेले, पण त्यांच्यावर नीट लक्ष कुणी ठेवलं नाही.

पन्नाची गोष्ट वेगळी आहे. २००९ मध्ये तिथे एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हातून वाघिणी आणल्या, पेंचमधून नर आणला. तो काही दिवसांतच घराच्या दिशेनं चालू लागला. वनकर्मचारी हत्तींवरून त्याच्या मागावर राहिले, त्याला पकडून परत आणलं. तो थांबावा म्हणून जंगलात वाघिणीचं मूत्रसुद्धा शिंपडलं! एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडे जन्मले. आज तिथे पन्नासहून जास्त वाघ आहेत. फरक पडला तो सोडल्यानंतरच्या पहाऱ्यामुळे.

आता हवामानबदलामुळे या प्रश्नाला नवी धार आली आहे. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ पाऊस कमी झाला, दलदली लवकर आटू लागल्या. तिथलं दुर्मीळ कासव चालून चालून किती चालणार? म्हणून २०१६ मध्ये काही पिल्लं दक्षिणेकडच्या जास्त पावसाच्या भागात नेऊन सोडली. पाणी लवकर आटणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

कासवाला उचलावं लागलं; येडशीचा वाघ स्वतःच निघाला. पण तो पोचला कुठे? जेमतेम २२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात. बाहेर पडलं की शेतं, गोठे, रस्ते आणि रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला माणूस.

पुढच्या काळात प्राणी जागा बदलणारच, स्वतःच्या पायांनी किंवा आपल्या पिंजऱ्यातून. दोन्ही वेळी तीच तयारी लागेल: जोडलेली जंगलं, वर्षानुवर्षांचा पहारा आणि ज्याचं जनावर गेलं त्याला वेळेवर भरपाई. त्याशिवाय केलेलं स्थलांतर म्हणजे पुन्हा चंद्रप्रभा.