विज्ञान शिक्षकांच्या संघटना आणि प्रयोगातून शिक्षण

विज्ञान शिक्षकांच्या संघटना शिक्षकांच्या इतर संघटनांहून वेगळ्या वाटेने वाढल्या. वेतनश्रेणी आणि बदल्या हे त्यांचे मुख्य विषय नव्हते. वर्गात प्रयोग कसा करावा, प्रश्नपत्रिकेत काय विचारावे आणि शिक्षकाने स्वतः काय वाचावे, यावर त्यांचा भर राहिला. इंग्लंडमध्ये अशी पहिली संघटना विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. 1963 मध्ये तिथल्या पुरुष आणि स्त्री विज्ञान शिक्षकांच्या संघटना एकत्र आल्या. भारतात 1956 साली सिमल्याजवळील तारादेवी येथे माध्यमिक शाळांतील विज्ञान-अध्यापनावर अखिल भारतीय परिसंवाद झाला आणि सामान्य विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, असे तिथे ठरले.

पुढच्या दशकात ऑल इंडिया सायन्स टीचर्स असोसिएशनच्या भौतिकशास्त्र अभ्यासगटाने फार मोलाचे काम केले. त्यात डेहराडूनच्या दून स्कूल या निवासी शाळेतील शिक्षक बी. जी. पित्रे यांचा पुढाकार होता. गटाने भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम प्रयोगांवर उभा केला. या पद्धतीचे मर्म साध्या दोलकातही दिसते. 1 मीटर लांबीच्या दोलकाला एका आवर्तनास सुमारे 2 सेकंद लागतात. घड्याळ दाबताना हाताकडून 0.2 सेकंदाची चूक झाली, तर एकच आवर्तन मोजणाऱ्याच्या उत्तरात 10 टक्के चूक राहते. 20 आवर्तने मोजली की तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही हे शहाणपण स्वतः मोजल्याशिवाय येत नाही.

हा अभ्यासक्रम महागड्या निवासी शाळांपुरता राहिला नाही, हे विशेष. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी तो मुंबई महापालिकेच्या शाळांत नेला. त्याच प्रेरणेतून 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो 2002 पर्यंत चालला. मुंबईत 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. व्ही. जी. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांतही काम केले.

1981 मध्ये मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांना त्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृतिप्रकल्प आणि मुलाखत द्यावी लागते. मराठी घरांत ही स्पर्धा नुसत्या ‘होमी भाभा’ या नावाने ओळखली जाते. 1984 मध्ये डॉ. डी. पी. खंडेलवाल यांनी इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सची स्थापना केली. तिच्या राष्ट्रीय परीक्षेतून पुढे आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडसाठी विद्यार्थी निवडले जाऊ लागले. भारताचा संघ 1998 मध्ये आइसलँडमधील भौतिकशास्त्र ऑलिंपियाडला प्रथम उतरला आणि 2015 मध्ये ती स्पर्धाच मुंबईत भरली.

मात्र स्पर्धांच्या झगमगाटात शिक्षकाला साथ देण्याचे संघटनेचे मूळ काम मागे पडते. कराडच्या आसपास पाहिले तरी हे दिसते. कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या परिसरात शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी जवळच्याच काले गावी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पण अशा भागातील लहान माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक बहुधा एकटाच असतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळे त्याच्याच गळ्यात पडते आणि अडले तर विचारायला शेजारी कोणी नसते. तालुका विज्ञान प्रदर्शनात हे शिक्षक वर्षातून एकदा भेटतात, तेही परीक्षकांच्या धावपळीत. संघटनेची गरज महानगरातल्या शिक्षकापेक्षा या शिक्षकाला अधिक आहे. मलकापूर आणि कराड परिसरातील विज्ञान शिक्षकांनी महिन्यातून एकदा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकत्र यावे, एक प्रयोग मिळून करावा आणि मुख्याध्यापकांनी त्यांना त्यासाठी अर्धा दिवस मोकळा द्यावा.