कोकणकिनारा आणि प्रॉटेस्टंट मिशन : प्रसाराचे माप कोणते?

'मांडवी' हे मराठीत मूळचे सामान्यनाम आहे. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ जकातघर असा दिलेला आहे. समुद्रमार्गे आलेल्या मालाची जेथे मोजदाद होई, ती मांडवी. मुंबईतील मांडवी आणि रत्नागिरीची मांडवी ही दोन्ही नावे या एकाच व्यवहाराची साक्ष देतात. परंतु किनाऱ्यावर केवळ माल उतरत नसे. धर्मविचार, ग्रंथ आणि ग्रंथ छापण्याची कलाही याच मार्गाने आली. एकोणिसाव्या शतकात आशिया खंडात प्रॉटेस्टंट मिशनांचा जो प्रसार झाला, त्याची मोजदाद कोणत्या मापाने करावी, याचा विचार कोकणच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रसाराचा नकाशा पाहिला, तर त्यातील आरंभीची ठाणी बहुतेक बंदरे किंवा नदीकाठची व्यापारी गावे आहेत, असे दिसून येते. इ. स. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या आश्रयाने तरंगमबाडी येथे उतरले. १८०० मध्ये केरी व त्याचे सहकारी हुगळीकाठच्या श्रीरामपुरास एकत्र आले. तेही गाव डॅनिश अमलाखालीच होते. १८०७ मध्ये मॉरिसन कँटनला पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीस आपल्या मुलखात धर्मोपदेशक नको होते. म्हणून हा प्रवाह प्रथम परक्या सत्तांच्या आश्रयाने वाहिला आणि १८१३ च्या सनदेनंतरच त्यास मोकळी वाट मिळाली. या सर्व ठिकाणी धर्मोपदेशकाचे पहिले काम एकच होते : स्थानिक भाषा शिकणे. तमिळ नवा करार, केरीचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी कोश (१८१०), मॉरिसनचा चिनी कोश, ही सारी त्याच गरजेची फळे होत.

मराठी मुलखातील आरंभ मुंबईस झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन धर्मोपदेशक फेब्रुवारी १८१३ मध्ये तेथे पोहोचले. कोकणात स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली बाणकोट येथे ठाणे घातले. पुढे हर्णै येथेही काम सुरू झाले. मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते जॉन विल्सन १८२९ साली भारतात आल्यावर मराठीचे पहिले धडे गिरविण्यासाठी याच किनाऱ्यावर राहिले. १८३३ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे जॉन स्टीव्हन्सन हेही याच मिशनमधून आलेले. मात्र कोकणातील ही ठाणी फार काळ टिकली नाहीत. कामाचा भर मुंबई आणि पुणे या शहरांकडे गेला. रत्नागिरीस नियमित मिशन-केंद्र झाले ते १८७३ मध्ये, आणि तेही कोल्हापूरकडून आलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धर्मोपदेशक किनाऱ्यावर उतरले, किनाऱ्यावर मराठी शिकले. परंतु ग्रंथांसाठी त्यांनी जी मराठी निवडली, ती किनाऱ्याची नव्हती. शिकविणारे शास्त्री होते, राज्यकारभाराची भाषा पुण्याकडची होती, आणि छापखान्याला एकच रूप सोयीचे होते. स्वतः मिशनरी नसलेल्या, परंतु त्या वर्तुळाशी निकटचा संबंध असलेल्या मोल्सवर्थने १८३१ च्या कोशात कोकणातील शब्द अवश्य घेतले. पण ते प्रादेशिक म्हणून खूण करून. अशा रीतीने प्रमाण आणि प्रांतिक ही विभागणी छापील मराठीच्या पायातच घातली गेली. भंडारी, खारवी, दालदी या किनाऱ्यावरील समाजांपुढे जे शुभवर्तमान आले, ते त्यांच्या घरच्या बोलीत नव्हते.

या निवडीचे महत्त्व तुलनेने स्पष्ट होईल. हॉल आणि नॉट यांच्यासह ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे दीक्षा घेतलेला त्यांचा सहकारी जडसन हा १८१३ मध्ये रंगूनला गेला. १८३४ मध्ये त्याने ब्रह्मी बायबलचे भाषांतर पूर्ण केले. तरी बौद्ध ब्रह्मी समाजात धर्मांतरे थोडीच झाली. मंडालेच्या राजवाड्यातही मिशनची विद्या पोहोचली होती : मिंडोन राजाने आपली मुले डॉ. मार्क्स यांच्या शाळेत घातली आणि त्यांत थिबा हाही होता. राज्य गमावून १८८६ साली रत्नागिरीस आणलेला आणि १९१६ मध्ये तेथेच निधन पावलेला थिबा तो हाच. मिशनच्या शाळेत शिकूनही तो बौद्धच राहिला. याउलट त्याच देशातील कारेन लोकांत स्थिती वेगळी दिसते. १८३० नंतरच्या दशकात वेडने ब्रह्मी अक्षरांच्या आधारे कारेन भाषेला लिपी दिली; १८४३ मध्ये स्गॉ कारेन नवा करार तयार झाला; आणि कारेनांत ख्रिस्ती समाज झपाट्याने वाढला. भाषा हे एकच कारण होते, असे म्हणता येणार नाही. ब्रह्मी वर्चस्वाविषयीचा रोष, हरवलेल्या ग्रंथाची कारेनांतील दंतकथा आणि को था ब्यू यांसारखे स्वजातीय प्रचारक यांचाही त्यात मोठा वाटा होता. परंतु ज्या भाषेला लिपी नव्हती तिला लिपी मिळणे, ही त्या समाजाच्या दृष्टीने केवळ धार्मिक घटना नव्हती.

महाराष्ट्रातही याचा पडताळा मिळतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात महार-मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. तेथे अस्पृश्यतेचा जाच हे कारण उघडच आहे. त्याबरोबर कीर्तन आणि भजन या लोकांच्या परिचयाच्या रूपांनी उपदेश होत असे, हेही विसरता येत नाही. ही वाट सर्वांत दूर नेली ती रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी उपासनेला अभंगाचा सूर दिला, आणि आपण तुकारामाच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. तरीही त्यांचे कार्यक्षेत्र देशावर राहिले, कोकणात नव्हे.

मग कोकणकिनाऱ्याच्या बोलीत शुभवर्तमानातील मजकूर आला तो कसा? ग्रीअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाने प्रत्येक बोलीच्या नमुन्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ठरविला होता. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठी आणि तिच्या बोली आहेत. कोकणातील बोलींचे नमुनेही त्यातच आहेत. घरी परतलेल्या मुलाची ही कथा किनाऱ्याच्या भाषेत तेथे छापली गेली, परंतु किनाऱ्यावरील माणसासाठी नव्हे, भाषाशास्त्रज्ञासाठी.

मिशनच्या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक बाप्तिस्म्यांची संख्या मोजते आणि त्यावरून यश किंवा संकट ठरविते. दुसरी कोश, व्याकरणे व शाळा मोजून उपकार मानते. वरील विवेचनावरून दोन्ही मापे अपुरी ठरतात. पहिलीने पाहिले, तर कोकणात फारसे काही घडलेच नाही. दुसरीने पाहिले, तर जे घडले ते सर्वांसाठी घडले असा भास होतो. छापील मराठी कोणासाठी घडविली गेली आणि तिच्या कडेला कोण राहिले, हा प्रश्न विचारल्याखेरीज या इतिहासाचा हिशेब पुरा होत नाही. त्या कडेला राहिलेल्या बोली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आजही बोलल्या जातात. त्यांचे मोल ठरविण्याचे काम आता धर्मोपदेशकाचे नसून आपल्या विद्यापीठांचे आहे.