दुसऱ्या रांगेतला नट : मायकेल हॉर्डर्न



मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’, शाहूनगरवासी मंडळी, गणपतरावांची वाणी, फार तर बाळाभाऊ जोगांची नायिका, येथवर आपली स्मृती चालते. त्याच प्रयोगांत पोलोनियसची भूमिका कोण करीत असे, असे विचारले तर चांगले अभ्यासकही अडखळतील. आपण नाटकाचा इतिहास लिहितो तो बहुधा राजांचा इतिहास असतो. प्रधानांची नावे त्यातून गळतात.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाच्या आधी भालदार निवडीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एका ‘प्रधाना’ची निवड केली. इंग्रजीत ज्याला ‘कॅरेक्टर ॲक्टर’ म्हणतात आणि आपण ढोबळमानाने चरित्र अभिनेता म्हणतो, त्या जातीचा हा नट. नाव मायकेल हॉर्डर्न.

त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १९११ रोजी इंग्लंडमधील बर्कमस्टेड येथे झाला. वडील रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारी. आईवडिलांचे आयुष्य हिंदुस्थानच्या नोकरीशी बांधलेले असल्यामुळे मुलाला वयाच्या पाचव्या वर्षीच वसतिगृहाच्या शाळेत ठेवण्यात आले. साम्राज्याच्या चाकरीत असलेल्या कुटुंबांची ही सर्रास रीत होती. पुढे ब्रायटन कॉलेजमध्ये शिक्षण झाले. नाट्यशिक्षण मात्र कधीच झाले नाही. काही काळ त्याने एका लहान मुलांच्या शाळेत शिकवले, आणि नंतर शाळांना लागणाऱ्या सामानाचा फिरता विक्रेता म्हणून काम केले. हौशी मंडळींत नाटके करता करता १९३७ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याला ‘ऑथेल्लो’मध्ये लोडोव्हिकोची व्यावसायिक भूमिका मिळाली. लोडोव्हिको हा व्हेनिसहून पत्र घेऊन येणारा सरदार. प्रवेशच उशिरा, आणि तोही निरोप देण्यापुरता!

त्यानंतर दोन वर्षे तो ब्रिस्टलच्या रेपर्टरी मंडळीत राहिला. ही व्यवस्था आपल्याकडील श्रोत्यांना थोडी समजावून सांगितली पाहिजे. आपल्या संगीत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि नाटके तीच राहत. रेपर्टरीत याच्या उलट : मंडळी एकाच गावात ठाण मांडून बसायची आणि नाटके भराभर बदलायची. एका नाटकाचे प्रयोग रात्री चालू असताना दिवसा पुढच्याच्या तालमी. तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येणार, म्हणून तोच नट आज पाद्री, उद्या वकील, परवा चोर. इंग्रजी चरित्र अभिनेत्यांची ती मोठी पिढी या कारखान्यातून घडली, हे माझे मत आहे. नायकाला आपला चेहरा जपावा लागतो. या मंडळींना तो दर आठवड्या-पंधरवड्याला टाकून द्यावा लागे.

युद्धकाळ त्याने आरमारात, ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवर काढला. युद्धानंतर तो पुन्हा रंगमंचावर आला तो पस्तिशीच्या उंबरठ्यावर, आणि म्हाताऱ्यांच्या भूमिका घेऊनच. १९५१ साली जॉन व्हायटिंगच्या ‘सेंट्स डे’मध्ये चाळिशीतील हॉर्डर्न ऐंशी पार केलेला कवी झाला होता. त्याच वर्षी पडद्यावर ‘स्क्रूज’मध्ये साखळदंड खळाळवीत येणारे मार्लीचे भूत त्याने केले.

१९५२ साली स्ट्रॅटफर्डच्या हंगामात ‘टेम्पेस्ट’मध्ये राल्फ रिचर्डसन प्रॉस्परो होते आणि हॉर्डर्न कॅलिबन. दोनच वर्षांनी, ओल्ड व्हिक नाट्यगृहात, हॉर्डर्न प्रॉस्परो झाला आणि कॅलिबन झाला तरुण रिचर्ड बर्टन. त्याच ओल्ड व्हिकमध्ये बर्टनच्या हॅम्लेटसमोर त्याचा पोलोनियस उभा राहिला. बर्टन अर्थातच जगाच्या ध्यानात राहिला. पण पोलोनियस हे शेक्सपिअरने रचलेले फार अवघड पात्र आहे. तो नुसता विदूषक केला तर त्याच्या मृत्यूला वजन राहत नाही, आणि नुसता मुत्सद्दी केला तर हॅम्लेटची थट्टा फुकट जाते. वाक्य सुरू करायचे, मध्येच धागा हरवायचा, पुन्हा शोधायचा, आणि तो सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर दाखवायचा, हे हॉर्डर्नचे पुढील आयुष्यातले भांडवल अशाच पात्रांवर जमले.

नायकाच्या सिंहासनावर त्याला बसवण्याचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. १९५८-५९च्या हंगामात ओल्ड व्हिकने त्याला मॅकबेथ दिला. समीक्षकांनी ती भूमिका स्वीकारली नाही. त्या सुमारास दुसरी एक घटना घडली, ती मला अधिक बोलकी वाटते. जॉन मॉर्टिमरची ‘द डॉक ब्रीफ’ ही नाटिका १९५७ साली बीबीसीवर आली. आयुष्यभर अशील न मिळालेला वयस्क वकील, आणि शेवटी मिळालेला एकुलता एक, गुन्हा आधीच कबूल करणारा आरोपी. हॉर्डर्नने हा वकील आकाशवाणीवर, दूरचित्रवाणीवर आणि पुढच्याच वर्षी रंगमंचावर उभा केला. १९६२ मध्ये त्याचा चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका पीटर सेलर्सकडे गेली. सेलर्स मोठाच नट, त्याविषयी वाद नाही. पण तिकीटबारीला नाव लागते, आणि पात्र घडवणाऱ्याचे नाव तेवढे मोठे नसते. दुसऱ्या रांगेचा हा व्यवहार आहे. हॉर्डर्नही चित्रपटांत राहिला तो सिसेरो, बॅप्टिस्टा, नौदलाचा अधिकारी अशा भूमिकांत. १९८२च्या ‘गांधी’तही तो एका छोट्या भूमिकेत दिसतो.

मग १९६८ साल आले. जोनाथन मिलर हे शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने दिग्दर्शक. त्यांनी बीबीसीसाठी एम. आर. जेम्सच्या एका भूतकथेवर ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ हा जेमतेम चाळीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट केला. कथा साधी आहे. प्राध्यापक पार्किन समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीसाठी येतात. जुन्या दफनभूमीत त्यांना एक शिट्टी सापडते. ते ती वाजवतात. भूत असे त्यात फारसे नाहीच. शेवटी एका चादरीची हालचाल दिसते, एवढेच. सगळी भीती त्या प्राध्यापकाच्या स्वभावातून उगवते. हा गृहस्थ स्वतःशी गुणगुणतो, पुटपुटतो, दुसऱ्याचा शेवटचा शब्द उचलून चघळतो. न्याहरीच्या टेबलावर भुतांचा विषय निघतो, तेव्हा हॅम्लेटचे प्रसिद्ध वाक्य उलटे फिरवून तो एक चतुर उत्तर देतो आणि त्या चातुर्यावर स्वतःच खूष होतो. चाळीस वर्षे प्राध्यापकी केलेल्या माणसाला हा प्रसंग पाहताना जरा इकडेतिकडे पाहावे लागते, हे मी प्रांजळपणे सांगतो. बुद्धीने सगळे काही निकालात काढता येते, हा त्याचा विश्वास. शेवटच्या दृश्यात त्या विश्वासातले एकही वाक्य त्याच्यापाशी उरत नाही, नुसते कण्हणे उरते. संवाद गिळण्याची जी सवय पोलोनियसमध्ये गमतीची होती, तिचेच येथे भयात रूपांतर झाले आहे.

मिलर यांनीच पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, नॉटिंगहॅम प्लेहाउसमध्ये त्याला लिअर दिला. १९७५ व १९८२ साली बीबीसीसाठी ही जोडी पुन्हा लिअरकडे वळली.

आपल्या मनातला लिअर कोणता? १९७० साली कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ आले आणि डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर आले. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ साली ग्रंथरूपाने आपल्या हाती पडला. मराठी मनात लिअर म्हणजे कोसळणारा पर्वत : भव्य वाणी, भव्य शोक. हॉर्डर्नचा लिअर मी १९८२च्या चित्रणात पाहिला, आणि पहिला अंक संपेपर्यंत मला तो लहानखुरा वाटला. हा पर्वत नव्हेच. हा आहे घरातला एक चिडखोर म्हातारा, ज्याला कुणी कधी मध्येच थांबवले नाही. राज्य वाटताना तो जणू जेवणाच्या पंगतीत वाढप सांगत असतो. दुसरे म्हणजे मिलर यांनी विदूषक तरुण ठेवला नाही. फ्रँक मिडलमास या नटाने केलेला तो विदूषक राजाइतकाच म्हातारा आहे. वादळात दोन वृद्ध एकमेकांना सावरतात, आणि त्यांतला एक आपली बुद्धी जाते आहे हे ओळखतो. वेड लागू नये म्हणून तो जी याचना करतो, ती आक्रोशाच्या सुरात येत नाही. चष्मा कुठे ठेवला हे आठवत नाही, अशा किरकोळ सुरात ती येते. त्या सुराने माझ्या अंगावर काटा आला.

काहींना हा लिअर उणा वाटला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. वादळाच्या भाषणांत भाषेचा जो गडगडाट आहे त्यातला काही भाग येथे हरवतो. बेलवलकर पडतात तेव्हा एक मोठा माणूस पडतो. हॉर्डर्नचा लिअर पडत पडत प्रथमच माणूस होतो. मला दोन्ही हवे आहेत. पण दुसरा प्रकार राजांच्या भूमिका करीत आलेल्या नटाला सुचला असता असे वाटत नाही. तीस वर्षे राजाच्या बाजूला उभे राहून राजाकडे पाहणाऱ्याला तो सुचला.

साठाव्या वर्षी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, टॉम स्टॉपर्डचे ‘जंपर्स’ आले. हे स्टॉपर्डही बालपणी काही काळ दार्जिलिंगच्या शाळेत शिकलेले. नाटकाचा नायक जॉर्ज मूर हा नीतिशास्त्राचा प्राध्यापक. घरात एका कसरतपटूचा खून झालेला, पत्नी कोलमडलेली, आणि हा मात्र अभ्यासिकेत ‘चांगले’ म्हणजे काय यावरचे व्याख्यान चिटणीस बाईंना सांगून लिहवून घेतो आहे. झेनोचे कूटप्रश्न खोडून काढण्यासाठी त्याने धनुष्यबाण, एक ससा आणि एक कासव पाळून ठेवले आहे. विलक्षण लांब, स्वतःला अडवत जाणारी वाक्ये, आणि प्रत्येक वाक्यात विचार त्या क्षणी जन्मतो आहे असे भासवायचे. ब्रिस्टलपासून पोलोनियस-पार्किनपर्यंतची सगळी शिदोरी येथे कामी आली. चुकून सुटलेल्या बाणाने ससा मेला आहे हे शेवटी जॉर्जला कळते. त्या धक्क्यात तो खाली उतरतो आणि त्याचा पाय कासवावर पडतो. सभागृह हसते, आणि हसता हसता गप्प होते. त्याच वर्षी हॉर्डर्नला सी.बी.ई. हा किताब मिळाला. सर ही पदवी १९८३ साली.

१९७८ साली तो पुन्हा स्ट्रॅटफर्डला प्रॉस्परो म्हणून गेला, कॅलिबन होऊन गेल्याला सव्वीस वर्षे झाल्यावर. लंडनच्या घराघरांतल्या मुलांना मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना तो ठाऊक होता तो पॅडिंग्टन अस्वलाच्या दूरचित्रवाणी मालिकेतला आवाज म्हणून. निवेदक तोच, अस्वलही तोच, शेजारीही तोच. क्युब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मध्येही (१९७५) संपूर्ण चित्रपटभर तो बोलतो आणि एकदाही दिसत नाही.

१९९४ साली बीबीसीच्या ‘मिडलमार्च’ मालिकेत तो शेवटच्या काळातल्या भूमिकांपैकी एक करताना दिसला : पीटर फेदरस्टोन, अंथरुणाला खिळलेला कंजूष म्हातारा, ज्याच्या मृत्युपत्राकडे सारे नातेवाईक डोळे लावून बसले आहेत. कादंबरी आठशे पानांची, त्यात या म्हाताऱ्याचा वाटा थोडा. २ मे १९९५ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे हॉर्डर्नचे निधन झाले.