कायदा मोडला, पण शब्द नाही

वाचकहो, अन्यायी कायदा पाळावा की मोडावा, हा प्रश्न वक्तृत्वस्पर्धेत सोपा वाटतो. ज्याचे दुकान आणि घरदार पणाला लागते, त्याला तो किती जड जातो हे पाहायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालचा इतिहास वाचावा.

ऑगस्ट १९०६ मध्ये तेथील सरकारने एक वटहुकूम योजला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावे, दाखला सदैव जवळ बाळगावा व पोलिसाने मागताच दाखवावा; न केल्यास दंड, तुरुंग किंवा हद्दपारी! गुन्हेगारास लावावा तसा हा नियम प्रामाणिक व्यापाऱ्यांस व फेरीवाल्यांस लावला जाणार होता.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात शेठ अब्दुल गनी यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. शेठ हाजी हबीब यांनी सुचविले की, हा ठराव ईश्वराला साक्षी ठेवून करावा. गांधीजी क्षणभर चमकले. मग त्यांनी सभेला बजावले की, ठराव बदलता येतो, शपथ बदलता येत नाही. उद्या आपण एकटे उरलो तरी ती पाळावी लागेल, म्हणून प्रत्येकाने आपल्या मनाला विचारूनच हात वर करावा. सभेने उभे राहून शपथ घेतली.

तरीही १९०७ साली तो कायदा झालाच. तेव्हा पुढे आले शेठ अहमद महंमद काछलिया. इंग्रजी बेताचेच, धंदा मध्यम. प्रिटोरियाच्या सभेत त्यांनी अल्लाची शपथ घेऊन सांगितले की, फासावर जाईन, पण ह्या कायद्यापुढे मान तुकविणार नाही. पुढे ते चळवळीचे अध्यक्ष झाले, तेव्हा गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांना पेचात धरले : चळवळ सोडा, नाही तर सारी बाकी ताबडतोब चुकती करा. काछलियांनी दिवाळे पत्करले. पण सावकारांची पै न् पै फिटली, पौंडामागे पूर्ण वीस शिलिंग!

दरम्यान १९०८ च्या आरंभी समेट झाला होता. तो दगा समजून मीर आलम नावाच्या पठाणाने गांधीजींवर हल्ला केला. सरकारने कायदा रद्द केला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत २००० हून अधिक दाखले जाळण्यात आले. तेथे मीर आलमने आपली चूक कबूल करून स्वतःचा दाखलाही दिला.

१९१४ च्या कायद्याने गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर गेला व हिंदी विवाहांस मान्यता मिळाली. समता मात्र मिळाली नाही. वर्णभेदी राजवट संपण्यास १९९४ उजाडले.

वाचकहो, काछलियांनी एक कायदा मोडला, परंतु देण्याघेण्याचा व्यवहार मोडला नाही. जे केले ते उघड केले आणि शिक्षाही भोगली. जो स्वतःच्या फायद्यासाठी लपूनछपून नियम मोडतो, त्याने त्यांचे नाव घेऊ नये. आणि जो भीतीपोटी प्रत्येक हुकूम पाळतो, त्याने त्याला कायद्याचा आदर म्हणू नये. ह्या दोहोंपैकी आपण कोठे उभे आहोत, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.