पेरूचा समुद्र आणि आपली बांधी



मे महिना सरत आला की आमच्या गटांच्या बैठकीत दरवर्षी एकच विषय निघतो. बियाण्यासाठी कर्ज किती जणींना द्यायचं, आणि पऱ्हे कधी टाकायचे? गेल्या काही वर्षांत या बोलण्यात एक नवा शब्द शिरला आहे, 'एल निनो'. कुणाच्या मुलानं मोबाईलवर वाचलेलं असतं, कुणी बातम्यांत ऐकलेलं असतं. "औंदा एल निनो हाय म्हणतेत, पाऊस नाही येत," असं एकीनं म्हटलं की दुसरीचा कर्जाचा अर्ज पिशवीतच राहतो. म्हणून आजच्या भाषणात या शब्दाचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं. आपल्यापैकी बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नाही. पण आपल्या धानाचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे, आणि तो समजून घ्यायला माणसांना शंभर वर्षांहून जास्त काळ लागला.

आधी आपल्या जवळचा समुद्र पाहू. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे ती प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. भामरागडची पर्लकोटा इंद्रावतीला मिळते आणि इंद्रावतीही शेवटी गोदावरीतच जाते. हे सगळं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांचंही पाणी तिथेच जातं. नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते सायीसारखं वर तरंगतं आणि खालच्या गार पाण्यात लवकर मिसळत नाही. ही वरची साय उन्हानं चांगली तापते. पावसाळ्यात बंगालच्या उपसागराचं पाणी बहुतेक वेळा 28 अंशांच्या वर असतं आणि इतक्या ऊबदार पाण्यावर ढग जोमानं उठतात. तिथे हवेचा दाब कमी होतो. रेडिओवर आपण 'कमी दाबाचा पट्टा' ऐकतो, तो हाच. तो ओडिशा, छत्तीसगड ओलांडत काही दिवसांत आपल्यापर्यंत येतो. कोकणाला अरबी समुद्राचा पाऊस आधी मिळतो. आपल्या झाडीपट्टीला मोठा पाऊस मिळतो तो मुख्यतः या पूर्वेच्या समुद्राकडून. आपण जे पाणी खाली पाठवतो, ते असं फिरून आपल्याकडेच येतं म्हणा ना!

मग एखाद्या वर्षी हे ढग रुसतात ते का? इतिहास सुरू होतो तो इथून.

1876 ते 1878 या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात भयंकर दुष्काळ पडला. सावित्रीबाई फुल्यांनी एप्रिल 1877 मध्ये जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात या दुष्काळाची हकिकत आहे. सत्यशोधक समाजाची माणसं तिथे लोकांच्या मदतीला धावली होती. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या नावानं मोठा दरबार भरला होता, आणि इकडे धान्य बोटींनी बाहेर जात होतं. पाऊस पडला नाही हे खरंच. पण माणसं मेली ती एकट्या पावसामुळे नव्हे, हे आम्हाला इथेच सांगून टाकायचं आहे. नाहीतर सगळा दोष समुद्रावर टाकून मोकळं होता येतं.

सरकारनं हवामान खातं काढलं होतं 1875 मध्ये. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. दुष्काळानंतर त्यांना विचारणा झाली की पाऊस येणार की नाही, हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाकडे बघितलं. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्या आधारावर 1886 मध्ये देशाच्या पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज निघाला. काही वर्षं तो बरा लागलाही.

मग आली 1896 आणि 1899 ही दोन वर्षं. तेव्हा आपला सगळा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जात असे आणि तो मध्य प्रांतात होता. (चंद्रपूर हे नाव 1964 मध्ये आलं, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 1982 मध्ये.) 1896 मध्ये मध्य प्रांतात पाऊस आला, पण वेळेआधीच उघडला. धान लावणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पोटरीत आलेलं धान, वर कडक ऊन, आणि हस्ताचा पाऊस नाही, म्हणजे घरी येते ती तणस. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच 1899 मध्ये पाऊस जवळजवळ आलाच नाही. त्या वर्षी ब्लॅनफर्ड यांच्या जागी जॉन एलियट होते आणि त्यांचा अंदाज होता की पाऊस चांगला होईल! मध्य प्रांतात लाखो लोक खडी फोडायला आणि माती वाहायला सरकारी कामांवर गेले. 1891 आणि 1901 च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर दहा वर्षांत मध्य प्रांतातली माणसं वाढण्याऐवजी कमी झालेली दिसतात.

आपल्याकडे तलाव होते ही जमेची बाजू. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, कोहळी समाजानं राखलेले मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या यांनी पाऊस खंडला तरी धान महिनाभर तगून जायचं. घोडाझरी आणि आसोलामेंढा हे मोठे सरकारी तलाव त्या दुष्काळांनंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आले. तलावांचा इतिहास हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

एलियट यांच्यानंतर 1904 मध्ये हवामान खात्याचे प्रमुख झाले गिल्बर्ट वॉकर. हे गणिताचे माणूस, केंब्रिजमधून आलेले. हवामानाचं काम त्यांनी पूर्वी कधी केलेलं नव्हतं. त्यांनी विचार केला की आपल्याला कारण माहीत नाही, तर निदान हिशेब तरी मांडू. जगभरातून त्यांनी आकडे गोळा केले. कुठल्या बंदरात हवेचा दाब किती, कुठे तापमान किती, नाईल नदीला पूर केवढा आला, हे सगळं. मग भारतातल्या पावसाशी यातलं काय काय जुळतं हे त्यांच्या कचेरीतल्या भारतीय कारकुनांनी हातानं आकडेमोड करून काढलं. तेव्हा संगणक नव्हते. वर्षानुवर्षं वह्या भरल्या गेल्या. त्या कारकुनांची नावं कुणी सांगत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. गटाची वही लिहिणाऱ्या बाईलाही असंच कुणी विचारत नाही.

या हिशेबातून एक विलक्षण गोष्ट निघाली. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडे तो कमी होतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. लहान मुलांचं झोपाळ्याच्या फळीवर खाली-वर चालतं तसंच. इकडे दाब चढला की आपला पाऊस कमी. वॉकर यांनी 1924 मध्ये याला 'दक्षिणी दोलन' असं नाव दिलं. गंमत अशी की भारताचा पाऊस आधी सांगण्याचं त्यांचं मूळ काम काही पुरतं साधलं नाही, पण त्या शोधात जगाच्या हवेचा एक मोठा सांधा सापडला. सिमल्याची ही कचेरी 1928 मध्ये पुण्याला आली. पुण्यात शिवाजीनगरला त्या चौकाला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

आता पेरूकडे जाऊ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश. तिथला समुद्र गार असतो आणि गार पाण्यात मासळी भरपूर. पण काही वर्षांनी एकदा, नाताळच्या सुमारास, ते पाणी गरम होतं आणि मासळी नाहीशी होते. तिथल्या कोळ्यांनी याला 'एल निनो' म्हटलं, म्हणजे बाळ, बाळ येशू. आपण देवीच्या नावानं जशा गोष्टी ओळखतो, तसंच. पुढे शास्त्रज्ञांनी उलट्या अवस्थेला 'ला निना', म्हणजे मुलगी, हे नाव दिलं. आपल्याला बहुतेक वेळा मुलगीच बरी पडते!

कोळ्यांचं गरम पाणी आणि वॉकरचा झोपाळा ही एकच गोष्ट आहे, हे 1969 मध्ये याकोब बियर्कनेस या शास्त्रज्ञानं नीट मांडलं. समजायला सोपं आहे. परातीत पाणी घ्या आणि एका बाजूनं सतत फुंका. पाणी पलीकडच्या काठाशी जमा होईल. प्रशांत महासागरावर वारे असेच पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उन्हानं तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिथली पातळी पेरूच्या बाजूपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर उंच असते. गरम पाणी आशियाच्या बाजूला, म्हणून ढगही आशियाच्या बाजूला. एखाद्या वर्षी फुंकर मंदावते. पाणी परत पेरूकडे सरकतं, ढगही त्याच्यामागे जातात, आणि आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली दबते. झाकण ठेवल्यासारखं. मग ढग दिसतात पण बरसत नाहीत. 1877, 1896 आणि 1899, तिन्ही वर्षं एल निनोची होती हे माणसाला पुष्कळ उशिरा कळलं.

1972 मध्ये हे सगळं एकाच वेळी दिसलं. पेरूची मासेमारी कोसळली आणि इकडे देशात सरासरीच्या 76 टक्केच पाऊस झाला. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला सगळ्यात जास्त झळ बसली. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आपल्या आज्यांना आठवते. त्या दुष्काळी कामांवर बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा 1977 चा आणि अंमल 26 जानेवारी 1979 पासून. आज आपण रोजगार हमीच्या कामाची मागणी लिहून देतो, त्याचं एक मूळ या दुष्काळात आहे.

इथवर ऐकून वाटेल की एल निनो म्हणजे दुष्काळ. तसं असतं तर काम सोपं होतं. 1997 मध्ये शतकातला एक सगळ्यात जोरदार एल निनो होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका, किंचित जास्तच झाला. उलट 2002 चा एल निनो मध्यम होता. तरी जुलै कोरडा गेला आणि पावसाळा 81 टक्क्यांवर थांबला. शास्त्रज्ञही चक्रावले. 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवलं की आपल्या हिंदी महासागराचाही स्वतःचा झोपाळा आहे. कधी त्याची आफ्रिकेकडची बाजू गरम होते, कधी इंडोनेशियाकडची. आफ्रिकेकडची गरम झाली तर ती आपल्या पावसाला अनेकदा हात देते. 2019 मध्ये ती फार गरम झाली होती आणि देशात 110 टक्के पाऊस झाला. भामरागड त्या वर्षी पर्लकोटेच्या पुरानं किती वेळा तुटलं, हे तिथल्या मैत्रिणींना विचारा.

या कामात एका मराठी बाईचं नाव घ्यायलाच हवं, सुलोचना गाडगीळ. पुण्यात जन्मलेल्या, हार्वर्डमध्ये शिकून परत आलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या. हिंदी महासागरावरचे ढग पूर्वेकडे जास्त की पश्चिमेकडे, हे एल निनोसोबत पाहिलं तर 1997 आणि 2002 चं कोडं बरंच सुटतं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आम्हाला त्यांचं दुसरं काम अधिक आवडतं. आंध्र-कर्नाटकाच्या कोरडवाहू भागातल्या भुईमूग शेतकऱ्यांसोबत बसून, जुन्या पावसाच्या नोंदी घेऊन, पेरणी कधी केली तर धोका कमी, हे त्यांनी तपासलं. शेतकऱ्याला विचारून शास्त्र करायचं, ही त्यांची रीत.

आता जरा बाजूला जाऊन एक गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात आणि मोहफूल झडतं, त्याला आपला मान्सून कारण नसतो. ती हवा भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून येते आणि आपल्याकडच्या समुद्राची ओल तिला मिळाली की गारपीट होते. 2014 ची गारपीट राज्यात सगळीकडे आठवते. म्हणजे मोहाच्या झाडाखालीही दोन समुद्रांची भेट होते.

पुन्हा कर्जाच्या अर्जाकडे येऊ. एप्रिलमध्ये ऐकलेला 'एल निनो' कच्चा असतो. प्रशांत महासागर पुढे कुठे झुकणार, हे वसंतात सांगणं शास्त्रज्ञांनाही सगळ्यात अवघड जातं. हवामान खातं एप्रिलच्या मध्यावर पहिला अंदाज देतं आणि मेअखेरीला सुधारून देतं, म्हणून दुसऱ्याची वाट पाहावी. तो अंदाजही सगळ्या देशाचा, फार तर विभागाचा असतो. आपल्या बांधीचा नसतो. 1986 घ्या. एल निनो सुरू होत होता, देशात पाऊस तुटीचा होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये गोदावरीला असा पूर आला की भद्राचलमला पाणी 75 फुटांवर गेलं. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. बंगालच्या उपसागरातून आलेल्या एकाच वादळी पट्ट्यानं हे केलं. 2023 मध्ये उलट झालं. वर्षाचा आकडा 94 टक्के, ऐकायला बरा, पण ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि रोवणा झालेल्या धानाला नेमकं तेव्हाच पाणी लागतं.

त्यामुळे आमच्या गटांत आता एल निनोचं नाव ऐकून कर्ज थांबवायचं नाही असं ठरलं आहे. त्याऐवजी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारतो. तिच्या बांधीला तलावाचं किंवा बोडीचं पाणी पोचतं का? आणि ती हलकं धान घेणार की भारी? पाणी पोचत नसेल आणि वर्ष एल निनोचं असेल, तर तिनं हलकं धान घ्यावं आणि सगळे पऱ्हे एकाच दिवशी टाकू नयेत, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाकावेत, असं आम्ही सुचवतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तो गटातल्या शिकणाऱ्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवायचा. मृग लागायच्या आधीच्या बैठकीत बोडीचा गाळ काढण्याची रोजगार हमीची मागणीही त्याच वहीत लिहायची. ज्या गावांत ती अजून लिहिली गेली नाही, त्यांनी ती येत्या ग्रामसभेपर्यंत लिहून आणावी.